चुकीची किंमत कोणी भरायची?

नमस्कार, श्रोतेहो.

सन 1882. मुंबईतला डोंगरीचा तुरुंग. आत सव्वीस वर्षांचे दोन तरुण, टिळक आणि आगरकर. केसरी निघून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. गुन्हा राजद्रोहाचा नव्हता, अब्रुनुकसानीचा होता. कोल्हापूरच्या तरुण महाराजांना वेडं ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्यात दिवाण बर्वे यांचा हात आहे, असं केसरी आणि मराठाने लिहिलं. आधाराला बर्व्यांच्या नावाची पत्रं होती. बर्व्यांनी फिर्याद केली आणि पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची साधी कैद झालीच. त्यातले 101 दिवस त्यांनी भोगले. खटला चालू असताना दहा हजारांचा जामीन दिला तो रामशेठ उरवणे यांनी, आणि तोही महात्मा फुल्यांच्या शब्दावर. ज्यांचं आपल्याशी फारसं पटत नाही, तेच कधीकधी वेळेला धावून येतात.

आता एकदम अमेरिकेत जाऊ. 29 मार्च 1960. न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात आली. दक्षिणेत काळ्या विद्यार्थ्यांवर पोलीस कसे तुटून पडताहेत ते त्यात लिहून मदतीचं आवाहन केलं होतं. जाहिरातीत चुका होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांना सात वेळा अटक झाली असं छापलं होतं, झाली होती चार वेळा. विद्यार्थ्यांनी कोणतं गाणं म्हटलं, तेसुद्धा चुकलं होतं. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराचे, पोलीस खातं पाहणारे आयुक्त सुलिव्हन यांचं त्यात नावही नव्हतं. तरी ‘हे माझ्याबद्दलच आहे’ म्हणून त्यांनी दावा लावला. त्या अंकाच्या अख्ख्या अलाबामा राज्यात गेलेल्या प्रती होत्या 394. स्थानिक ज्युरीने पाच लाख डॉलर भरपाई ठरवली!

मार्च 1964 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल एकमताने फिरवला. सार्वजनिक कामावर मनमोकळी चर्चा व्हायची तर चुका होणारच, असं न्यायालय म्हणालं. अधिकाऱ्याला भरपाई हवी असेल तर त्याने सिद्ध करावं, की लिहिणाऱ्याला हे खोटं आहे हे ठाऊक होतं, किंवा खरं-खोट्याची त्याला फिकीरच नव्हती.

आपल्याकडे काय? 1994 मध्ये राजगोपाल खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बरंचसं हेच सांगितलं. अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दल वाजवी पडताळणी करून लिहिलं असेल, तर मजकूर चुकला तरी भरपाई मागता येत नाही. पण हे दिवाणी दाव्यापुरतं. फौजदारी बाजू वेगळी. दंड संहितेतलं अब्रुनुकसानीचं जुनं कलम 499 आता भारतीय न्याय संहितेत 356 झालं आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नवीन भर म्हणजे समाजसेवा. 2016 मध्ये न्यायालयाने ही फौजदारी तरतूद वैध ठरवली. शिवाय सरकारी सेवकाच्या कामाबद्दल बदनामी झाली, तर सरकारच्या मंजुरीने सरकारी वकीलच थेट सत्र न्यायालयात फिर्याद दाखल करू शकतो. म्हणजे साहेबांचा वकील सरकारी, आणि तुमचा तुमच्या खिशातून. मला हे पटत नाही.

कायद्यात अपवाद आहेत. लोकसेवकाच्या कामाबद्दल सद्भावनेने व्यक्त केलेलं मत हा गुन्हा नाही. फक्त सद्भावना म्हणजे नुसतं चांगलं मन नव्हे. योग्य ती काळजी घेतलेली नसेल, तर कायदा तिला सद्भावना म्हणत नाही.

समजा, मे महिन्यात बांधलेलं गटार जुलैत वाहून गेलं. ‘इंजिनिअरने पैसे खाल्ले’ असं तुम्ही गावच्या ग्रुपवर टाकलंत, तर ते तुम्हाला शाबीत करावं लागेल. ‘दोन महिन्यांत गटार वाहून गेलं, हा फोटो, बिल किती निघालं ते माहिती अधिकारात विचारलंय, माझ्या मते काम निकृष्ट आहे’ असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला काय कळायचं ते कळतंच. अर्जाची पोचपावती मात्र जपून ठेवा.

जाता जाता कोल्हापूरचं राहिलं. पत्रं बनावट होती, हे खरंच. पण टिळक-आगरकर सुटून वर्ष-सव्वा वर्ष होतंय तोच, डिसेंबर 1883 मध्ये, ते तरुण महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात, नजरकैदेत, पहाऱ्यावरच्या गोऱ्या सोजिराशी झालेल्या झटापटीत गेले.

नमस्कार.