चार लोकांचा ठराव
(लघु माहितीपट : निवेदन)

[दृश्य : कासाराचं दुकान. काचेच्या हिरव्या बांगड्या.]

कासार आधी पंजा दाबून बघतो. हात मऊ आहे की हाडेरा, त्यावरून माप ठरतं. मग अंगठा आत दुमडून, बोटं जुळवून एकेक बांगडी तो अलगद वर सरकवतो. नवरीचा चुडा भरताना घरातल्या सगळ्या बायका भोवती बसलेल्या असतात.

नवरा गेला की याच बायका त्या बांगड्या फोडतात.

ते आम्ही चित्रित केलेलं नाही. त्या घडीला कुठल्याही बाईसमोर कॅमेरा धरू नये. पण महाराष्ट्रातल्या किती तरी गावांत हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तिचं कुंकू पुसतात. मनगटं एकमेकांवर आपटतात, नाहीतर दगड घेतात. काच कातडीत घुसते. मंगळसूत्र तोडतात. वर्षानुवर्षं बोटात रुतलेली जोडवी सहज निघत नाहीत, ती ओढून काढतात.

हे करणाऱ्या जावा, नणंदा, शेजारणी. त्यांतल्या काही स्वतः यातून गेलेल्या. तिचं वाईट व्हावं असं त्यांच्यातल्या कुणालाच वाटत नसतं, आणि खरी अडचण इथेच आहे. चोरीतलं, फसवणुकीतलं वाईट शोधावं लागत नाही. मायेच्या माणसांनी, रडत रडत, रीत म्हणून केलेल्या गोष्टीतलं वाईट दिसायला पिढ्या जातात.

एकदा उलटं करून बघावं. बायको गेली तर नवऱ्याच्या अंगावरचं काय काढून घेतात? काहीच नाही. वर्ष सरायच्या आत त्याच्यासाठी स्थळं बघायला लागतात.

[दृश्य : स्टँपपेपर, त्यावरची सही.]

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे सामाजिक कार्यकर्ते. कोविडच्या काळात त्यांचा एक सहकारी गेला. अंत्यविधीला त्यांच्या डोळ्यांदेखत त्याच्या पत्नीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. झिंजाडे यांनी त्यावर भाषण केलं नाही. त्यांनी स्टँपपेपरवर स्वतःबद्दल लिहून दिलं, की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर ही सक्ती करू नये. मग इतर पुरुषांनीही तसंच लिहून दिलं.

सुरुवात इथून झाली, हे मला फार मोलाचं वाटतं. ‘समाज बदलला पाहिजे’ असं म्हणणं सोपं. आपल्याच मरणाची कल्पना करून, आपल्या माघारी आपल्या घरात काय होईल ते पाहणं अवघड.

[दृश्य : उसाचे फड, कुरुंदवाडचा रस्ता. ग्रामपंचायतीची इमारत.]

कोल्हापूर जिल्हा, शिरोळ तालुका. नृसिंहवाडीच्या संगमापासून पुढे, कुरुंदवाडजवळ हेरवाड. ४ मे २०२२ रोजी सरपंच सुरगोंडा पाटील यांच्या कारकिर्दीत इथे ठराव झाला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, हे सगळं गावात बंद.

दोन दिवसांनी राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं पूर्ण होत होती. त्याच शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता. गावाने ठराव केला तो त्यांच्या स्मृतीला स्मरूनच.

ठरावानं काय साधलं, ते गावकऱ्याच्या जागी उभं राहिलं की कळतं. एखाद्या घराला आतून हे पटत नसतंच. सासू म्हणते, नको फोडायला. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, ‘चार लोक काय म्हणतील?’ आणि सासू गप्प बसते. हेरवाडात त्या चार लोकांनीच एकत्र बसून सांगितलं, आम्ही काही म्हणणार नाही.

पूर्वी हा भार एकेकट्याच्या डोक्यावर यायचा. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तर त्यांच्या मुरूड गावानं त्यांना वाळीत टाकलं. बरोबर काय ते कर्व्यांना कळलं होतं, गावाला नव्हतं. हेरवाडात ते गावानं ओळखलं, म्हणून ठरावाचा हा कागद इतका वेळ पडद्यावर ठेवला आहे.

[दृश्य : हळदीकुंकू. बायकांचे हात, वाण.]

पुढे १७ मे २०२२ रोजी राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. काही गावांनी तसे ठरावही केले.

पण परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, आणि अंत्ययात्रा ग्रामसेवकाला विचारून निघत नाही. त्या वेळी ठराव आठवून ‘थांबा’ म्हणणारं माणूस घरातलंच लागतं. झिंजाडे यांच्यासारखं लिहून द्यायला मात्र ठरावाची वाट पाहावी लागत नाही. ते कुठल्याही गावातल्या, शहरातल्या नवऱ्याला आजच करता येईल. लिहिलेलं आई, बहिणी आणि भावजयांना बसवून वाचून दाखवावं, म्हणजे पुढे कुणी विचारलंच तर त्यांना सांगता येईल, ‘त्यानंच नको म्हटलं होतं.’