ताळगाव, करंजाळे, दोना पावला: राहणं शहरात, कारभार पंचायतीचा!

नमस्कार मंडळी! मिरामारवरून दोना पावलाला गाडीने निघालात तर पणजी महापालिका कुठे संपली आणि ताळगाव पंचायत कुठे लागली हे रस्त्यावरून काही कळायचं नाही. तेच कॅफे, त्याच बिल्डिंगा, तोच समुद्र, पार्किंगचे वांधे पण तेच. पण एका बाजूचा माणूस कचऱ्याची तक्रार घेऊन महापालिकेत जातो आणि दुसऱ्या बाजूचा पंचायतीत. म्हणजे दोना पावलात सी-व्ह्यू फ्लॅट घेतलेला माणूस कायद्याच्या हिशोबाने गावात राहतो. गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर, एनआयओसारखी समुद्रविज्ञानाची मोठी संस्था दोना पावलात, आणि कारभाराला पंचायत.

आता तुम्ही म्हणाल, मग बिघडलं काय? तेच आज बघायचंय.

आधी आकडे, आणि आकडे 2011 चेच घ्यावे लागतात कारण 2021 ची जनगणना झालीच नाही. 2011 मध्ये गोव्याची लोकसंख्या 14,58,545. पणजी महापालिकेची फक्त 40,017. फक्त! पण त्याच जनगणनेत पणजी आणि तिला चिकटलेला सगळा पट्टा मिळून जो आकडा दिलाय तो आहे 1,14,759. वजाबाकी करा, जवळजवळ पाऊण लाख माणसं पणजीला लागून राहतायत पण पणजी महापालिकेत नाहीत. राजधानीपेक्षा राजधानीच्या बाहेरची वस्ती मोठी, असं हे प्रकरण आहे.

आणि हे फक्त पणजीपुरतं नाही हं. 2001 मध्ये गोव्याचे 49.76 टक्के लोक शहरी होते, 2011 मध्ये ते 62.17 टक्के झाले, त्या वर्षी देशातल्या राज्यांमध्ये आपण एक नंबर. आता दहा वर्षांत काय नवीन नगरपालिका निघाल्या का? नाही. तेव्हाही 14 होत्या, नंतरही 14, म्हणजे पणजी महापालिका आणि 13 नगरपालिका. वाढली ती जनगणना शहरं, सेन्सस टाऊन म्हणतात ती, 30 वरून थेट 56 वर गेली.

हे जनगणना शहर म्हणजे काय ते ऐका, कारण सगळा घोळ इथेच आहे. लोकसंख्या निदान 5,000, दर चौरस किलोमीटरला निदान 400 माणसं, आणि कामकरी पुरुषांपैकी निदान 75 टक्के शेती सोडून दुसरं काहीतरी करणारे. या तीन गोष्टी जुळल्या की जनगणनावाले तुम्हाला शहर म्हणून मोजतात. बस, मोजतात. त्याने पालिका येत नाही, इंजिनिअर येत नाही, निधी येत नाही. पालिका करायची तर राज्य सरकारने अधिसूचना काढायला पाहिजे, आणि ती काढायची घाई कोणालाच नसते. का नसते ते पुढे सांगतो.

आता पंचायत चालते कशी. गोवा पंचायत राज कायदा 1994 चा आहे. महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींचा इथे हमखास गोंधळ उडतो, कारण आपल्याकडे पंचायत समिती नाही. राज्याची लोकसंख्या 20 लाखांच्या आत असेल तर मधला थर ठेवला नाही तरी चालतो असं घटनेतच आहे, म्हणून गोव्यात खाली ग्रामपंचायत आणि वर थेट जिल्हा पंचायत. दुसरं म्हणजे सरपंच लोक निवडत नाहीत. आपण आपल्या वॉर्डाचा पंच निवडायचा, आणि पंच आपल्यातला एक सरपंच करतात. त्यामुळेच सात पंचांच्या पंचायतीत चार जण एकीकडे झाले की सरपंच घरी, आणि अविश्वास ठरावाच्या बातम्या आपण पेपरात अशा वाचतो जशा पावसाच्या वाचतो.

पंच किती? ते लोकसंख्येवर. 8,000 च्या वर गेलात की 11, आणि त्यापुढे कितीही वाढा, 11 च. ताळगावला 11 पंच आहेत. बिल्डिंगा वाढल्या, टॉवर आले, विद्यार्थी आले, भाडेकरू आले, तरी 11 च. आणि ऑफिसात कोण? एक सचिव, थोडे क्लार्क, एवढंच. यांच्याकडे मोठमोठ्या प्रोजेक्टच्या फायली येणार, आणि स्वतःचा टाऊन प्लॅनर पंचायतीकडे नसतो.

मग प्लॅन बघतं कोण? नगरनियोजन खातं, म्हणजे टीसीपी, नाहीतर पीडीए, म्हणजे त्या भागाचं नियोजन आणि विकास प्राधिकरण. किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेडसाठी, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांसाठी, जीसीझेडएमए, म्हणजे राज्याचं किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरण. आरोग्य केंद्राची एनओसी वेगळी. हे सगळं गोळा करून फाईल पंचायतीत येते आणि बांधकाम परवाना पंचायत देते, नंतर ऑक्युपन्सी पण पंचायतच देते, दुकान टाकायचं तर ट्रेड लायसन्स पण तिथलंच. पाणी सरकारी खातं देतं, वीज वीज खातं, मोठे रस्ते पीडब्ल्यूडी. म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून सरपंचावर ओरडून उपयोग नाही हो, तो तुमच्यासारखाच त्या इंजिनिअरला फोन लावत बसतो. पण कचरा, गटार, वाड्यावरचा रस्ता, घरपट्टी आणि परवाने, हे मात्र पंचायतीचं.

परवाना ही किती मोठी गोष्ट आहे ते डिसेंबर 2025 मध्ये सगळ्यांना कळलं. हडफड्याला नाइटक्लबला आग लागली, 25 माणसं गेली. मग सगळीकडे एकच प्रश्न, परवाना कोणी दिला? तेव्हा समोर आलं की पंचायतीने ट्रेड लायसन्स दिलेलं, पुढे बांधकाम पाडायची नोटीस पण काढलेली आणि त्या नोटिशीला वरून, पंचायत संचालनालयातून, स्थगिती मिळालेली. आता यात कोण किती दोषी ते कोर्ट ठरवेल, मी ठरवणारा कोण. पण रचना बघा ना. द्यायचा हात एकाचा, थांबवायचा हात दुसऱ्याचा, आणि मधे जागेवर जाऊन बघणारा तांत्रिक माणूस कोणीच नाही.

पैशाचं पण असंच आहे. पंचायतीची स्वतःची कमाई म्हणजे घरपट्टी, वेगवेगळी फी आणि बांधकाम परवान्याची रक्कम. घरपट्टी सहसा पालिकेपेक्षा कमी, मग किनारपट्टीच्या पंचायतीला खरा पैसा मिळतो तो नवीन बांधकामातून. माझं स्पष्ट मत आहे की इथेच माशी शिंकते. ज्या बांधकामामुळे तुमच्या गटारावर, कचऱ्यावर, रस्त्यावर ताण येणार, त्याच बांधकामाच्या फीवर तुमची तिजोरी चालते, तर मग नाही म्हणणार कसं?

आणि माणसं तरी किती आहेत हे कोणाला धड माहीत आहे? कळंगुटचं घ्या, 2011 मध्ये 14 हजारांच्या आतबाहेर लोकसंख्या, म्हणजे कागदावर एक मोठं गाव. पण 2024 मध्ये गोव्यात पर्यटक आले 1 कोटीच्या वर, आणि त्यातल्या कितीतरी जणांचा कचरा कळंगुट-कांदोळी-बागा पट्ट्यातच पडतो. 2016 मध्ये साळगावचा कचरा प्रकल्प सुरू झाला म्हणून निदान तो कुठेतरी जातो तरी. उलट्या बाजूला रिकामी घरं, 2011 ला गोव्यातल्या साधारण पाचातल्या एका घराला कुलूप होतं. दिल्ली-मुंबईवाल्यांचे सेकंड होम, आणि आपल्याच माणसांची घरं पण, जी आखातात नाहीतर लिस्बन-लंडनला आहेत. फ्लॅट आहे, माणूस नाही. सीझनला माणूस आहे, पण मतदार यादीत नाही. जो मतदार नाही त्याच्यासाठी पंच कशाला धावेल, आणि ज्याला पंच ओळखत नाही तो घरपट्टी वाढली तर कुरकुर करणारच.

बरं, या सगळ्यात अजून एक जुना खेळाडू आहे, कोमुनिदाद. गावकऱ्यांची संस्था, पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची, आणि तिचा कायदा अजून पोर्तुगीजांचा 1961 चाच चालतो. शेतं, डोंगर, मोकळ्या जागा बऱ्याच ठिकाणी कोमुनिदादच्या. पंचायतीला कचरा शेड बांधायची तर जागा मागायला यांच्याकडे. ताळगावात तर 21 ऑगस्टला कोणसाचं फेस्त होतं, नवीन भाताची कणसं कापायचा पहिला मान ताळगावचा. शेत उरलंय थोडं, पण मान तसाच आहे, आणि खरं सांगू, मला ते आवडतं.

आता ते राहिलेलं, पालिका का नको. पर्वरीचंच बघा, विधानसभा तिथे, सचिवालय तिथे, आणि कारभार पेन्ह द फ्रान्स, सुकूर, साल्वादोर दु मुन्द अशा पंचायतींमध्ये वाटलेला. पालिका करा अशी चर्चा अधूनमधून निघते आणि विरून जाते. मूळच्या लोकांना भीती असते घरपट्टी वाढण्याची, आणि त्याहून मोठी भीती ग्रामसभा जाण्याची. ती भीती खोटी नाही. पालिकेत नगरसेवक बोलतो, ग्रामसभेत कोणीही मतदार उभा राहून सरपंचाला जाब विचारू शकतो. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमध्ये रविवारी ग्रामसभा, शिवाय 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 19 डिसेंबरला खास ग्रामसभा. एखादा मेगा प्रोजेक्ट अडला असेल तर बहुतेक वेळा अशाच सभेतल्या आरडाओरड्याने. मला विचाराल तर पालिका नको, पण शहरासारख्या पंचायतीला शहरासारखा स्टाफ द्या, इंजिनिअर द्या. कायद्यात बसवता येतं हे.

आता नवीन जनगणना, माणसं मोजायचा टप्पा फेब्रुवारी 2027 मध्ये. तेव्हा कोणी घरी आला तर, दुसरं घर का असेना, तुम्ही खरे कुठे राहता तेच सांगा.

आणि कमेंटमध्ये कायम विचारता म्हणून शेवटी हे. भाड्याने राहता म्हणून इथे मत नाही असं काही नसतं. तुम्ही नेहमी इथे राहत असाल तर इथे नाव लावता येतं. आधीचं नाव मुंबईला नाहीतर पणजीला असेल तर ते हलवायला फॉर्म 8, पहिल्यांदाच मतदार होताय तर फॉर्म 6. गोव्यातल्या बहुतेक पंचायतींची निवडणूक ऑगस्ट 2022 मध्ये झालेली, म्हणजे पाच वर्षांनी, 2027 ला परत. ताळगावचं गणित वेगळं, तिथे एप्रिल 2024 मध्ये मतदान झालंय, त्यामुळे ताळगाववाल्यांनो, तुमचा नंबर 2029 ला.