ब्रेक जरा सैल सोड

सेंदाई. जपानच्या ईशान्य भागातलं शहर. इथला नाम्बोकु हा भुयारी रेल्वेमार्ग 1987 साली सुरू झाला. गाडी फलाटात शिरतेय. वेग उतरतोय, पण उभ्या प्रवाशाचा तोल जात नाही. ठरलेल्या खुणेपाशी गाडी अलगद थांबते. ब्रेक किती लावायचा, हे संगणकानं ठरवलंय.

हेच काम करणाऱ्या मुरलेल्या चालकाला विचारलं तर तो सांगेल, ‘खूण जवळ आली की जरा दाबायचा, जास्त लागला वाटलं की थोडा सोडायचा.’ या ‘जरा’ आणि ‘थोडा’मध्ये त्याची सगळी नोकरी मुरलेली असते. यंत्राला मात्र आकडा हवा असतो.

ही अडचण लोत्फी झादे यांनी गणितात घेतली. जन्म बाकूचा, 1921चा. पुढे अमेरिकेत बर्कलीला प्राध्यापक. 1965 साली त्यांनी फझी, म्हणजे धूसर कडांच्या, संचांची कल्पना मांडली. नेहमीच्या गणितात खूण एक तर ‘जवळ’ असते, नाही तर नसते. झादे म्हणाले, जवळपणालाही मात्रा असू द्या. समजा, 5 मीटरवर 1, 30 मीटरवर 0.6, 100 मीटरवर 0. इथे एक घोटाळा हमखास होतो. 0.6 म्हणजे खूण जवळ असण्याची शक्यता 60 टक्के, असं नाही. अंतर पक्कं ठाऊक आहे, 30 मीटर. ‘जवळ’ हा शब्द त्याला कितपत लागू पडतो, तेवढंच 0.6 सांगतं.

1974 साली लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात इब्राहिम ममदानी यांनी एका छोट्या वाफेच्या इंजिनावर हे चालवून दाखवलं. नियम साध्या बोलीतले: दाब बराच कमी असेल आणि फारसा बदलत नसेल, तर उष्णता चांगली वाढव. शब्दांवर इंजिन चाललं!

पण निर्णय घेताना एकच गोष्ट कुठे बघायची असते? गणितज्ञ रिचर्ड बेलमन आणि झादे यांनी 1970 साली यावर वाट सुचवली. उद्दिष्ट असो की बंधन, दोन्हींना सारखंच तोला: पर्याय त्यात कितपत बसतो, याला 0 ते 1 गुण द्या. प्रत्येक पर्यायाचा सगळ्यात कमी गुण पाहा, आणि ज्याचा हा कमीत कमी गुण सगळ्यात जास्त, तो निवडा.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. पहिला पर्याय: आराम 0.9, अचूकता 0.9, सुरक्षितता 0.2. दुसरा: 0.6, 0.6, 0.7. सरासरी काढली तर पहिला 0.67 आणि दुसरा 0.63, म्हणजे पहिला जिंकतो. किमान गुण पाहिला तर 0.2 विरुद्ध 0.6, दुसरा जिंकतो. जिथे माणसांचा जीव गुंतलाय, तिथे सरासरीवर माझा विश्वास नाही. पूल, धरण, रुग्णालय, कशाचंही मूल्यमापन करा, दुबळी बाजू सरासरीत बेमालूम लपते. स्वस्त आणि मस्त यांत तडजोड चालते, तिथे सरासरी खुशाल घ्यावी.

सेंदाईत हिताचीचे अभियंते सेइजी यासुनोबु आणि शोजी मियामोतो यांनी आणखी एक पाऊल टाकलं. त्यांची यंत्रणा आधी अंदाज बांधते: ब्रेक आहे तसाच ठेवला तर काय होईल, एक पायरी वाढवला तर, कमी केला तर? मग प्रत्येक अंदाज सुरक्षितता, आराम, अचूक थांबा, वीज आणि वेळ यांच्याशी ताडून पाहते आणि त्यातला एक निवडते. गाडी धावतेय तोवर हे पुन्हा पुन्हा चालू असतं.

राहतो तो ‘आराम’ या शब्दाचा आलेख. 0.9 कुठे आणि 0.3 कुठे, ही रेघ माणूसच काढतो. आसनावर बसलेल्याला जो ब्रेक अलगद वाटतो, तोच दाराशी काठी टेकून उभ्या असलेल्या आजींना जोराचा लागतो. रेघ काढण्याआधी आजींना विचारलं होतं का?