लघवीचा रिपोर्ट स्वच्छ, तरी ताप का?

नमस्कार, श्रोतेहो.

पॉलिसिस्टिक किडनी हा आजार बहुतेक घरांत आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याचे फोड, म्हणजे सिस्ट, वर्षानुवर्षे वाढत जातात. अशा एखाद्या फोडात जंतू शिरले तर काय करायचं, ते आज सांगायचं आहे.

हुडहुडी भरून 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप चढतो. एका कुशीत दुखतं, कधी नेमक्या जागेवर बोट ठेवता येतं. लघवी तपासावी, तर रिपोर्ट स्वच्छ! इथेच घात होतो. मोठ्या झालेल्या सिस्टचा मूत्रमार्गाशी संबंध तुटलेला असतो. आत पू झाला तरी तो लघवीत उतरणार कुठून? पावसाळ्यात गोव्यात ताप म्हटला की आधी डेंग्यू आठवतो, आणि ते रास्तच आहे. पण डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा : मला पॉलिसिस्टिक किडनी आहे.

अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी लघवी आणि रक्त, दोन्ही कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, गेलं पाहिजे. लघवीची पहिली धार सोडून मधली धरा. फार्मसीतून आणलेल्या दोन गोळ्या आधीच पोटात गेल्या, तर जंतू हाती लागत नाही आणि पुढचे उपचार अंदाजाने करावे लागतात. सोनोग्राफीत सिस्टमधलं रक्त आणि पू यांतला फरक नेहमी कळत नाही. नेमकी कुठली सिस्ट बिघडली हे पेट-सीटी नावाचं खास स्कॅन सर्वांत चांगलं दाखवतं, पण ते प्रत्येकाला लागत नाही. मुतखडा अडकून लघवी तुंबली आहे का, हे मात्र लगेच पाहावंच लागतं. तुंबलेली असेल तर आधी ती मोकळी करायची.

औषधाला सिस्टची भिंत ओलांडावी लागते. जेंटामायसिन, अमिकासिन आत नीट पोचत नाहीत, शिवाय मूत्रपिंडाला त्रास देतात. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि कोट्रायमॉक्साझोल चांगली आत शिरतात. पण आपल्याकडे ई-कोलाय जंतू सिप्रोला अनेकदा दाद देत नाहीत. म्हणून आजार जोराचा असेल तर रुग्णालयात शिरेतून औषध सुरू होतं आणि कल्चर आलं की बदलतं. डोस मूत्रपिंडाच्या कामाप्रमाणे ठरतो.

कोर्स साधारण चार ते सहा आठवड्यांचा. ताप चौथ्या दिवशी उतरला म्हणून गोळ्या थांबवल्या, की तोच जंतू परत डोकं वर काढतो. उलट 72 तासांत ताप हटलाच नाही, तर पुन्हा स्कॅन करतात. पाच सेंटिमीटरहून मोठी सिस्ट असेल तर सोनोग्राफीत पाहत नळी घालून पू काढतात.

सिप्रो दूध, कॅल्शियम, लोह किंवा अँटासिडबरोबर घेऊ नका. त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. टाचेच्या वरचा दोरीसारखा स्नायुबंध (टेंडन) दुखू लागला तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवा. मेंदूच्या रक्तवाहिनीत फुगा असल्याचं माहीत असेल, तर गोळी सुरू होण्याआधीच सांगा.

तापासाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्या नकोत. आणि तापात शहाळं देण्याची आपली रीत आहे. पण मूत्रपिंड कमजोर असेल तर त्यातलं पोटॅशियम रक्तात साठतं, कोट्रायमॉक्साझोल चालू असेल तर आणखीच. पेज द्या, शहाळं विचारूनच.

माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर 108 ला फोन करा. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा जिल्हा रुग्णालयात निघताना जुनी सोनोग्राफी, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) शेवटचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या.