किडनी कुरकुर का करत नाही

नमस्कार श्रोतेहो.

तपासणीच्या खोलीत एक वाक्य कायम कानावर पडतं. ‘डॉक्टर, पण मला काही त्रासच नव्हता हो!’ समोरच्याच्या हातात रक्ताचा रिपोर्ट असतो, किडनीचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा आकडा ठळक छापलेला असतो आणि तो आकडा आपलाच आहे यावर त्याचा विश्वास बसत नसतो. माणूस खोटं बोलत नाही. त्याला खरंच त्रास नव्हता. जेवण जात होतं, झोप लागत होती, लघवी वेळच्या वेळी होत होती. लघवी होतेय म्हणजे किडनी ठणठणीत, हा समज तर भलताच चिवट आहे.

दोन्ही किडन्यांचं निम्मं काम बंद पडलं तरी माणसाला पत्ता लागत नाही, असं का होतं? आज त्याबद्दलच बोलायचंय. कारण किडनीच्या कामाच्या पद्धतीतच आहे, तेव्हा आधी ती पद्धत बघू.

किडनी म्हणजे मूत्रपिंड. कण्याच्या दोन बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला दोन असतात. लांबी दहा-बारा सेंटीमीटर, वजन प्रत्येकी दीडशे ग्रॅमच्या आसपास. शरीराच्या वजनात दोघींचा वाटा अर्धा टक्काही नाही. पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभर किंवा थोडं जास्तच रक्त, यांच्याकडे वळतं. एवढ्याशा अवयवाला स्वतःपुरतं इतकं रक्त कशाला लागेल? ते तिथे येतं गाळून निघण्यासाठी.

प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. कुणाकडे जास्त, कुणाकडे बरेच कमी. नेफ्रॉन म्हणजे गाळण्याचा एक सूक्ष्म घटक. त्याच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघी यांनी १६६६ मध्ये त्याचं वर्णन केलं. या गुच्छाची एक गंमत ध्यानात ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे. शरीरात इतरत्र रक्त धमनीतून केशवाहिन्यांत येतं आणि तिथून शिरेत जातं. इथे मात्र गुच्छातून बाहेर पडणारं रक्त शिरेत न जाता पुन्हा एका बारीक धमनीतच शिरतं. म्हणजे येण्याच्या वाटेवर धमनी आणि जाण्याच्या वाटेवरही धमनी. दोन्ही आकसू शकतात, सैलावू शकतात. त्यामुळे गुच्छातला दाब वरखाली करता येतो, आणि तो इतर केशवाहिन्यांपेक्षा बराच जास्त ठेवलेला असतो. त्या दाबानेच रक्तातलं पाणी, मीठ, साखर, युरिया असं सगळं भिंतीतून पलीकडे नळीत ढकललं जातं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं तेवढी अलीकडे राहतात.

असं किती गाळलं जातं? निरोगी तरुण माणसात मिनिटाला साधारण १२० मिलिलिटर, दिवसाला १७० ते १८० लिटर. रक्तातला पातळ द्रव असतो जेमतेम तीन लिटर. म्हणजे तोच द्रव दिवसात पन्नास-साठ वेळा गाळून निघतो. आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं नळ्या परत रक्तात ओढून घेतात. दिवसभरात जवळपास दीड किलो मीठ नळ्यांत उतरतं आणि त्यातलं काही ग्रॅम सोडलं तर सगळं परत जातं. दीडशे ग्रॅमच्या वर साखर उतरते, ती जवळजवळ सगळी परत. आपण कपाट आवरताना सगळं बाहेर काढतो आणि हवं तेवढंच आत ठेवतो, तशी ही पद्धत आहे. वरवर उधळपट्टीची वाटते, पण हिचा फायदा मोठा आहे. काय काय टाकून द्यायचं याची यादी किडनीला पाठ असावी लागत नाही. काय ठेवायचं ते कळलं की पुरे. अनोळखी औषध असो की शरीराला परका एखादा रेणू, परत घ्यायची सोय नसली की बहुधा तो आपोआप बाहेर.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नेफ्रॉन जन्माआधीच, आईच्या पोटात तयार होतात. जन्मानंतर नवा नेफ्रॉन होत नाही. एखादा निकामी झाला की झाला. मग त्याचं काम कोण करतं? शेजारचे करतात. त्यांच्या गुच्छांत जास्त रक्त येतं, दाब वाढतो, ते आकाराने मोठे होतात आणि प्रत्येक जण आपल्या वाट्याहून जास्त गाळू लागतो. एक किडनी दान केलेल्या माणसाचं गाळण्याचं प्रमाण निम्म्यावर येऊन थांबत नाही. काही आठवड्यांत उरलेली किडनी वाढते आणि ते आधीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास पोचतं. निरोगी दात्याला एवढं आयुष्यभर पुरतं.

पण आजारात नेफ्रॉन एकामागून एक जात राहतात. उरलेल्यांवरचा दाब वाढत राहतो. गुच्छाच्या भिंतीला बाहेरून बिलगलेल्या पेशी असतात, त्या ताणाने सुटून येतात. या पेशींची भरपाई फारशी होत नाही. तिथे व्रण धरतो, तो गुच्छ बंद पडतो आणि ओझं आणखी थोड्यांवर येतं. मूळ आजार आटोक्यात आला तरी ही घसरण चालू राहू शकते. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडली. मला स्वतःला किडनीच्या सगळ्या अभ्यासात हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जे रोग्याला सांभाळून घेतं, तेच पुढे त्याला खड्ड्यात घालतं.

आता मधुमेह. रक्तात साखर जास्त, म्हणून नळीत साखर जास्त उतरते. नळी ती परत घेते, आणि साखर परत घेताना तिच्याबरोबर मीठही ओढावं लागतं, अशी तिथल्या वाहक रेणूंची रचनाच आहे. परिणामी नळीत पुढे मीठ कमी पोचतं. ही नळी पुढे वळसा घेऊन आपल्याच गुच्छापाशी परत येते. तिथे मीठ मोजणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. मीठ कमी दिसलं की त्यांचा हिशोब असा होतो, ‘गाळणं कमी पडतंय.’ मग त्या येणारी धमनी सैल करायला लावतात. गुच्छात रक्ताचा लोंढा येतो आणि दाब चढतो. म्हणून मधुमेहाच्या सुरुवातीच्या काळात कित्येकांची किडनी नेहमीपेक्षा जास्त गाळत असते. रिपोर्ट उत्तम! आणि तेवढ्यात आत भिंती जाड होत असतात, झिरपू लागलेल्या असतात.

झिरपण्याची ही खूण जुनी आहे. लंडनचे डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावर सूज असलेल्या रोग्यांबद्दल लिहिलं. ते लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरायचे. लघवीत प्रथिन असलं तर ती तापल्यावर गढूळ व्हायची, साका धरायचा. असे रोगी दगावले की शवविच्छेदनात त्यांच्या किडन्या खराब झालेल्या दिसायच्या. एक चमचा, एक मेणबत्ती आणि चिकाटी! आज आपण तेच प्रथिन, म्हणजे अल्ब्युमिन, मिलिग्रॅममध्ये मोजतो, सूज यायच्या कितीतरी आधी.

रक्तदाबाचं प्रकरण दुहेरी आहे. वाढलेला दाब गुच्छांची नासाडी करतो, हे उघडच. पण किडनी स्वतःही दाब वाढवते. आपल्याला रक्त कमी मिळतंय असं तिला वाटलं की ती रेनिन नावाचं द्रव्य सोडते. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं, वाहिन्या आकसतात, शरीर मीठ धरून ठेवतं आणि रक्तदाब चढतो. आजारी किडनी मीठ बाहेर टाकायलाही कमी पडते. म्हणून बीपीने किडनी बिघडली की किडनीने बीपी, हे बऱ्याचदा सांगता येत नाही. दोन्ही एकमेकांना ढकलत असतात.

क्रिएटिनिनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण गफलत इथेच होते. क्रिएटिनिन स्नायूंतून रोज साधारण ठरावीक प्रमाणात तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. गाळणं कमी झालं की ते रक्तात साठतं. पण गाळण्याची क्षमता निम्मी होईपर्यंत आकडा बरेचदा छापील मर्यादेतच राहतो. त्यातून हाडकुळ्या, वयस्कर माणसाकडे स्नायूच कमी. त्याचं क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ दिसतं आणि किडनी मात्र निम्म्यावर आलेली असते. उलट व्यायामाने पिळदार झालेल्या तरुणाचा आकडा जरा जास्त आला म्हणून लगेच हादरायचं कारण नसतं. म्हणून हल्ली रिपोर्टात क्रिएटिनिनच्या खाली ‘ईजीएफआर’ असा आणखी एक आकडा असतो. वय आणि लिंग धरून काढलेला हा गाळण्याच्या वेगाचा अंदाज. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर किडनीचा जुनाट आजार धरतात. १५ च्या खाली गेला तर किडनी निकामी म्हणतात. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा हा आकडा आणि लघवीतलं अल्ब्युमिन, दोन्ही तपासायला हवं. एकच तपासून अर्धंच चित्र कळतं.

दुखत का नाही, असंही विचारतात. किडनीच्या आतल्या भागाला वेदना जाणवत नाही. तिच्यावरचं आवरण ताणलं गेलं किंवा खडा नळीत अडकला तर माणूस गडाबडा लोळतो. पण नेफ्रॉन झिजताना ना ताण, ना अडथळा.

त्रास सुरू होतो तो भलत्याच ठिकाणी. धाप लागते, थकवा येतो, हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. कारण तांबड्या पेशी तयार करा असा निरोप अस्थिमज्जेला देणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः किडनीच बनवते. ‘ड’ जीवनसत्त्वाला कामाचं रूप देण्याचं शेवटचं पाऊलही तिचंच. ते चुकलं, फॉस्फेट साठलं, की हाडं ठिसूळ होतात. आणि पोटॅशियम वाढलं तर हृदयाची लय बिघडू शकते, ते मात्र तातडीचं काम.

यातलं गाळण्याचं काम यंत्राने करता येतं. नेदरलँड्सवर नाझींचा ताबा असताना, १९४३ मध्ये विलेम कोल्फ यांनी लाकडी पिंपाभोवती सेलोफेनच्या नळ्या गुंडाळून डायलिसिसचं यंत्र जुळवलं. सुरुवातीचे जवळपास सगळे रोगी दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री वाचली. आज आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगतात. पण निरोगी किडन्या आठवड्याचे १६८ तास काम करतात. शिवाय यंत्र एरिथ्रोपोएटिन बनवत नाही, ते इंजेक्शनने द्यावं लागतं.

त्या आधीच थांबवता येतं का? पूर्वस्थितीवर आणणं सहसा जमत नाही, पण घसरण मंदावता येते. त्यासाठी करायचं काय, तर साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवून उरलेल्या नेफ्रॉनवरचा दाब कमी करायचा. ती दोन धमन्यांची गंमत आठवतेय ना? अँजिओटेन्सिन जाणारी धमनी जास्त आकसतं. ते रोखणारी औषधं ही वाट सैल करतात आणि गुच्छातला दाब उतरतो. यातलं कॅप्टोप्रिल हे औषध ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघालं. दुसरा गट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मुळात मधुमेहासाठी आलेल्या औषधांचा. यांचा पूर्वज पदार्थ १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून वेगळा केला होता. ही औषधं साखर आणि मीठ परत घेणंच अडवतात. मीठ पुढे पोचतं, मोजणाऱ्या पेशींचा गैरसमज दूर होतो आणि येणारी धमनी आवरती घेतली जाते. २०२० पासूनच्या मोठ्या चाचण्यांत मधुमेह नसलेल्या किडनीच्या रुग्णांनाही त्यांचा उपयोग दिसला.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांची गोष्ट वेगळी. किडनीला रक्त कमी पडत असतं तेव्हाही त्या येणारी धमनी सैल होऊ देत नाहीत. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालेलं असताना, किंवा किडनी आधीच नाजूक असताना, अशा गोळ्या मनाने घेणं महागात पडतं. अशा दिवसांत आधी सांगितलेली औषधंही काही वेळा डॉक्टर तात्पुरती थांबवायला सांगतात, तेव्हा फोन करून विचारावं.

एक शेवटचं. गुच्छातला दाब उतरवणारी ती दोन गटांतली औषधं सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. दाब उतरला की गाळणंही जरासं उतरणारच. पण तो आकडा बघून कित्येक जण घाबरतात, गोळी परस्पर बंद करतात आणि नेमका जो आराम किडनीला मिळणार असतो तोच हिरावून घेतात. वाढ किती, ती थांबली की चालूच आहे आणि पोटॅशियम किती, यावरून ती साधी की काळजीची हे ठरतं. तेव्हा गोळी चालू ठेवून रिपोर्ट आधी डॉक्टरांना दाखवा.

नमस्कार.