सेंटॉरस ए आणि चाळीतली लादी

एप्रिलमधला शनिवार, रात्रीचे साडेअकरा, वांगणी. कर्जत लोकलने दुर्बीण लादून इथपर्यंत आलोय, कारण दादरच्या गच्चीवरून मोजून दहाबारा तारे दिसतात, तेपण समोरच्या टॉवरचे हॅलोजन बंद असले तर. आता दक्षिणेला बघा, बरंच खाली. आयपीसमधे एक धुरकट ठिपका आहे आणि जरा डोळा स्थिर केला की त्याच्या मधोमध काळी पट्टी दिसते.

ही सेंटॉरस ए, एक गॅलेक्सी, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची वस्ती. १८२६ मधे जेम्स डनलॉप या खगोलशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियातून बघितली, अंतर साधारण सव्वा कोटी प्रकाशवर्षं, गॅलेक्सींच्या हिशोबात अगदी शेजारची वाडी. पण हिचं काहीतरी वेगळंच आहे. अशा गोलसर, म्हाताऱ्या ताऱ्यांच्या गॅलेक्सीत धूळ फारशी नसते, आणि इथे धुळीचा जाड पट्टा, वर त्यात नवीन तारे जन्मतायत.

चाळीतल्या दोन खोल्या एक केलेलं घर बघितलंय? भिंत जाते, रंग एकच मारतात, पण खाली लादी बघा, इकडे शहाबादी, तिकडे मोझॅक, मधे सिमेंटचा पट्टा. ती काळी पट्टी म्हणजे तेच. हिने कधीतरी एक गॅसवाली गॅलेक्सी गिळली आणि ती अजून पूर्ण पचलेली नाही. मधल्या ब्लॅक होलजवळून सुटणाऱ्या झोतांनी तर एवढा पसारा केलाय की डोळ्यांना रेडिओ लहरी दिसल्या असत्या तर पौर्णिमेचे १६ चंद्र ओळीत मावतील एवढी ही गॅलेक्सी आकाशात दिसली असती!

आता वर सप्तर्षीकडे. तिथे एनजीसी ३७४१ आहे, एक कोटी प्रकाशवर्षांवरची बारकी गॅलेक्सी, आपल्या दुर्बिणीत विसराच. पण माळशेज चढून नारायणगावजवळच्या खोडदला जा, तिथे कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० अँटेना. हायड्रोजन वायूच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी त्यांनी पकडल्या आणि २००५ मधे कळलं की ताऱ्यांचा भाग एवढासा, पण वायू त्याच्या आठपट लांबपर्यंत पसरलाय. माल भरपूर पडून आहे पण बांधकाम जवळपास बंद! वायू इतका विरळ की गोळा होऊन तारे बनायलाच तयार नाही, आणि तो ज्या वेगाने फिरतोय त्यावरून कळतं की डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारा पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणारा पदार्थ, पण ढीगभर आहे.

सुरुवातीच्या विश्वात अशाच छोट्या गॅलेक्सी जास्त होत्या असं मानतात, पण त्या इतक्या लांब आणि अंधुक की बारकावे दिसत नाहीत, म्हणून शेजारच्या विचित्र मंडळींचा एवढा अभ्यास चालतो. एक गिळून मोठी झालेली, दुसरी अजून तशीच.

आणि आपली आकाशगंगा काही साळसूद नाही हां. धनु राशीतली एक छोटी गॅलेक्सी ती सध्या गिळतेय, १९९४ मधे लक्षात आलं. तिच्या गाभ्यातला एम ५४ हा तारकागुच्छ छोट्या दुर्बिणीत दिसतो. धनु उगवायला अजून तासभर आहे, थर्मासमधे चहा आहे, पहिली लोकल पहाटेच.