दुकानाची ललकारी

जुन्या तबकडीची खरखर ऐकू येतेय? येऊ द्या. तिच्या आडून एक माणूस मोठ्यानं काहीतरी सांगतोय, तिकडे कान द्या. गाण्याचं नाव, गायकाचं नाव आणि शेवटी दुकानाचं: ‘काझा एडिसन, रिओ दि जानेरो!’ मग गिटार. मग गाणं.

साल १९०२. गायक बाइआनो, म्हणजे ब्राझीलच्या बाहिआ प्रांताकडचा. कागदोपत्री मनुएल पेद्रो दुस सांतुस. गाणं लुंदू प्रकारातलं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या नाचातून आलेला ठेका आणि बोल जरा चावट. ब्राझीलमध्ये ध्वनिमुद्रित झालेली पहिली तबकडी म्हणून हिचाच मान. क्रमांक १०००१.

नाव एडिसनचं, पण दुकान फ्रेड फिग्नरचं. जन्म १८६६, बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक देशातला. तरुणपणी अमेरिका गाठली आणि १८९१ मध्ये फोनोग्राफ घेऊन ब्राझीलच्या बेलेंला उतरला. पैसे टाका, यंत्रातला आवाज ऐका! आपल्याकडच्या तंबूतल्या सिनेमाचीच जातकुळी. असं गावोगाव फिरून १९०० मध्ये रिओच्या रुआ दु ओविदोर या गजबजलेल्या रस्त्यावर त्यानं काझा एडिसन थाटलं.

तेव्हा मायक्रोफोन नव्हता. समोर पत्र्याचा भोंगा. त्यात तोंड खुपसून गायचं. आवाजाच्या जोरावरच सुई थरथरणार, त्यामुळे हळुवार गळ्याची तिथे डाळ शिजत नसे. पितळी वाद्यांची मात्र चंगळ. आनाक्लेतु दे मेदेइरुस यांचा अग्निशमन दलाचा बँड या भोंग्यासमोर दणदणीत वाजला.

ध्वनिमुद्रण रिओत, पण तबकड्या छापून यायच्या जर्मनीतून. त्याच १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजान भोंग्यासमोर उभी राहिली. तिच्याही तबकड्या जर्मनीतच छापल्या गेल्या. तीही गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव पुकारते. पण ती स्वतःचं सांगते, रिओत दुकानाचं ऐकू येतं. आणि या तबकड्या ज्या लाखेच्या, ती लाख मुख्यतः आपल्याच देशातून जगभर जायची.

पुढे फिग्नरनं ओडियन या तबकड्या काढणाऱ्या जर्मन कंपनीशी सूत जुळवलं. दोन्ही बाजूंना गाणी असलेल्या तबकड्या आल्या आणि १९१२-१३ च्या सुमारास रिओतच तबकड्यांचा कारखाना उभा राहिला.

ललकारीत एक नाव मात्र नसायचं: गाणं रचणाऱ्याचं. किरकोळ रक्कम हातावर टेकवायची, कागदावर सही घ्यायची, की गाणं दुकानाचं. म्हणून दोंगा या रिओच्या संगीतकाराची चाल बघण्यासारखी आहे. नोव्हेंबर १९१६ मध्ये त्यानं ‘पेलु टेलेफोनी’ हे गाणं थेट राष्ट्रीय ग्रंथालयात स्वतःच्या नावावर नोंदवलं. तिया सिआता या रिओतल्या बाईंच्या घरच्या गाण्याबजावण्याच्या बैठकींत ते अनेकांच्या तोंडी घडलं होतं, त्यामुळे लगेच भांडणं लागली. लोकांच्या तोंडी असलेल्या गाण्यात पोलीसप्रमुखाची टिंगल होती. तबकडीवर त्याच्या जागी आला मौजमजेचा म्होरक्या! गायला पुन्हा बाइआनोच. १९१७ च्या कार्निव्हलमध्ये गाणं तुफान गाजलं आणि सांबा हे या गाण्याच्या प्रकाराचं नाव घराघरांत पोहोचलं.

१९२७ मध्ये ब्राझीलमध्ये मायक्रोफोनचं, विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. आता हळू गाणाऱ्यालाही वाव मिळाला. याच सुमारास ओडियनचा कारभार फिग्नरच्या हातून गेला. दुकानात पुढे टाइपरायटर विकले जाऊ लागले. १९४७ मध्ये फिग्नर रिओतच वारला.

रिओच्या जाकारेपागुआ भागात म्हाताऱ्या, निराधार कलावंतांसाठी एक आश्रम आहे. त्याची जमीन फिग्नरनंच दिलेली.